पाळक घडवण्याचा खर्च मंडळीने कसा उचलावा

मंडळीतला एखादा तरुण पाळकांकडे येऊन सांगतो, ‘मला सेवेचं पाचारण आहे, सेमिनरीत जायचं आहे.’ पुढच्या रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना होते. उपासनेनंतर लोक त्याच्या पाठीवर हात ठेवतात, आशीर्वाद देतात. मग फी भरायची तारीख जवळ येते आणि मंडळीचा हा विषय अचानक त्याच्या घरचा विषय होतो. वडील प्रॉव्हिडंट फंडाला हात लावतात, आई दागिने गहाण ठेवते. नाहीतर मुलगाच म्हणतो, ‘एक वर्ष नोकरी करून पैसे साठवतो,’ आणि ते एक वर्ष लांबत राहते.

सेमिनरीत जाऊ इच्छिणारे, त्यांचे कुटुंबीय आणि मंडळीच्या समितीत बसून पैशांचे निर्णय घेणारे अशा तिघांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून लूथरन मंडळ्या घेतल्या आहेत, त्यातही मुख्यतः अमेरिकेतल्या. पाळकांच्या शिक्षणाचा खर्च अनेकांनी मिळून उचलण्याची रीत तिथे पायरीपायरीने बांधली गेली आहे आणि तिच्यातून इतरांना घेण्यासारखे बरेच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पाचारण जसे त्या व्यक्तीला असते तसे ते मंडळीलाही असते. म्हणून शिक्षणाच्या खर्चातला मंडळीचा वाटा ठरलेला, लेखी आणि वेळेवर मिळणारा असायला हवा.

ही जबाबदारी जुनी आहे

मार्टिन लूथर शाळकरी वयात आयझेनाख गावात दारोदारी गाणी म्हणून भाकर मिळवत असे. पुढे १५३० साली मुलांना शाळेत ठेवण्याविषयी त्याने एक मोठे प्रवचन लिहिले. त्यात ही आठवण तो लपवत नाही. श्रीमंतांनी मृत्युपत्र करताना गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रक्कम राखून ठेवावी, असे तो स्पष्ट सांगतो. पाळक हवे असतील तर कोणीतरी त्यांच्या शाळेचा आणि जेवणाचा खर्च केला पाहिजे, हा त्याचा साधा व्यवहारी मुद्दा होता.

१५३६ मध्ये वुर्टेंबर्गच्या ड्यूक उलरिखने ट्यूबिंगन येथे पुढच्या पाळकांसाठी शिष्यवृत्तीचे वसतिगृह उभारले. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर तिथेच राहून शिकला. १६९८ मध्ये हाले येथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके याच्या संस्था उभ्या राहू लागल्या. तिथे गरीब विद्यार्थ्यांना मोफत जेवण मिळे आणि ते त्या बदल्यात शाळांमध्ये शिकवत. याच हालेशी जोडलेला बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला आला. तिथे १७१६ मध्ये स्थानिक सेवक घडवण्यासाठी छोटी सेमिनरी सुरू झाली आणि १७३३ मध्ये आरोन या तमिळ सेवकाला दीक्षा मिळाली. त्या कामामागे दूरच्या देणगीदारांचा पैसा वर्षानुवर्षे उभा होता. विद्यार्थ्याला मदत करणारी मंडळी ही जुनीच परंपरा चालवत असते.

आधी खर्चाचा खरा आकडा काढा

बहुतेक समित्या ‘फी किती?’ एवढेच विचारतात आणि पहिली चूक इथेच होते. अनेक सेमिनरींत शिकवणी फीसाठी अनुदान मिळते. विद्यार्थी अडतो तो बाकीच्या खर्चात. कागदावर ही सगळी खाती मांडा: शिकवणी आणि परीक्षा फी, खोली आणि जेवण, पुस्तके, संगणक, आरोग्यविमा, प्रवास, फोन, सुट्टीतला खर्च. विवाहित विद्यार्थी असेल तर घरभाडे, मुलांची शाळा आणि जोडीदाराची सुटलेली नोकरीही धरा.

लूथरन शिक्षणात आणखी दोन खाती येतात. पहिले रुग्णालयातल्या पाळकीय सेवेच्या प्रशिक्षणाचे. या काळात विद्यार्थी आजारी आणि मरणोन्मुख माणसांच्या सोबतीला बसायला शिकतो. त्याची वेगळी फी असते आणि त्या काळात दुसरी कमाई करणे अवघड जाते. दुसरे खाते वर्षभराच्या मंडळीतल्या प्रत्यक्ष सेवेचे. अमेरिकेतल्या लूथरन चर्च मिसूरी सिनड या संस्थेत तिला व्हिकरेज म्हणतात आणि नेहमीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ती तिसऱ्या वर्षी येते. ज्या मंडळीत विद्यार्थी जातो ती त्याला मानधन देते, पण सामान हलवणे, नवे घर लावणे आणि वर्षाने पुन्हा परत येणे यात हातचे बरेच पैसे जातात.

हा तक्ता एका वर्षाचा न करता संपूर्ण अभ्यासक्रमाचा करा. पहिल्या वर्षी उत्साहात भरपूर मदत येते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत देणारे विसरतात.

अमेरिकेत ओझे कोण कोण उचलते

तिथल्या दोन मोठ्या लूथरन संस्था वेगवेगळ्या वाटेने जातात. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका १९८८ पासून कार्यरत आहे आणि तिचे ६५ सिनड, म्हणजे प्रादेशिक विभाग, आहेत. तिच्यात पाळक होऊ इच्छिणारा आधी सिनडच्या उमेदवारी समितीसमोर जातो. प्रवेश, अनुमोदन आणि अंतिम मान्यता असे तीन टप्पे असतात. या चर्चचा ‘फंड फॉर लीडर्स’ हा मध्यवर्ती शिष्यवृत्ती निधी याच उमेदवारी प्रक्रियेला जोडलेला आहे. त्याशिवाय अनेक सिनड आपापल्या उमेदवारांना वेगळी मदत देतात. मिनेसोटातल्या सेंट पॉल येथील लूथर सेमिनरीने २०१८ पासून ‘ज्युबिली’ शिष्यवृत्तीतून नव्या विद्यार्थ्यांची पूर्ण शिकवणी फी भागवायला सुरुवात केली. अशा ठिकाणी मंडळीची मदत राहण्याजेवण्याकडे वळवता येते.

लूथरन चर्च मिसूरी सिनडच्या दोन सेमिनरी आहेत. सेंट लुईसची कॉन्कॉर्डिया सेमिनरी १८३९ ची आणि फोर्ट वेनची कॉन्कॉर्डिया थिऑलॉजिकल सेमिनरी १८४६ ची. सिनडच्या मध्यवर्ती अंदाजपत्रकातून सेमिनरींना मिळणारा वाटा पूर्वीच्या मानाने फार घटला आहे, त्यामुळे देणगीदार, डिस्ट्रिक्ट (प्रादेशिक विभाग) आणि स्थानिक मंडळ्या यांच्यावर भिस्त वाढली. दोन्ही सेमिनरींनी निवासी पाळकीय अभ्यासक्रमाची शिकवणी फी अनुदानांतून भागवण्याची व्यवस्था केली आहे. विद्यार्थ्याला ‘दत्तक’ घेण्याच्याही योजना आहेत. एखादी मंडळी, महिला मंडळ किंवा एखादे कुटुंब ठरावीक विद्यार्थ्याशी जोडले जाते, सेमिनरीमार्फत पैसे देते आणि त्याला पत्र लिहिते, वाढदिवस लक्षात ठेवते. या सिनडमध्ये पाळकाची दीक्षा फक्त पुरुषांना मिळते. स्त्रियांसाठी डिकनेस सेवेचे शिक्षण आहे आणि त्यालाही मदतीची तेवढीच गरज असते. इव्हँजेलिकल लूथरन चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते.

मला सर्वांत भावते ती वस्तुरूप मदत. सेंट लुईसच्या सेमिनरीत विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी आणि जुन्या वस्तूंचे दुकान आहे, फोर्ट वेनमध्ये अन्न आणि कपड्यांचे सहकारी भांडार आहे. खेड्यातल्या शेतकरी मंडळ्या तिथे धान्य आणि मांस पाठवतात, बायका लहान मुलांचे कपडे पाठवतात. रोख देणे ज्यांना जड जाते त्यांनाही यामुळे वाटा उचलता येतो. याच सिनडच्या स्त्रियांनी १९४२ मध्ये लूथरन विमेन्स मिशनरी लीग स्थापन केली. तिचा आधार घराघरातल्या लहानशा दानपेट्या आहेत. आपल्याकडे मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची जी रीत पाडली, तिच्यातही हेच बळ आहे. लहान मंडळीने ‘आमच्याकडे पैसा नाही’ म्हणण्याआधी या दोन उदाहरणांचा विचार करावा.

उमेदवाराने काय करावे

१. पैशाआधी प्रक्रिया. सेमिनरीत अर्ज करण्यापूर्वीच आपल्या पाळकांशी, मग सिनड, डिस्ट्रिक्ट किंवा डायोसिसच्या समितीशी बोला. बहुतेक मदत चर्चने स्वीकारलेल्या उमेदवारालाच मिळते. आधी प्रवेश घेऊन नंतर चर्चकडे गेलात तर त्या वर्षाची संधी हुकते.

२. तारखा एका कागदावर लिहा. सेमिनरीची शिष्यवृत्ती, सिनडची मदत, मध्यवर्ती निधी आणि मंडळीची बैठक या सगळ्यांच्या तारखा वेगळ्या असतात. शिफारसपत्र देणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगा.

३. प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारा: ‘बाहेरून मदत मिळाली तर तुमचे अनुदान कमी होते का?’ काही ठिकाणी होते. मग मंडळीने फीसाठी पैसे दिले तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही. उत्तर लेखी घ्या आणि त्याप्रमाणे मंडळीची मदत फी, राहणे किंवा पुस्तके यांपैकी योग्य खात्यात लावा.

४. मंडळीसमोर हिशेब घेऊन जा. एका पानावर एकूण खर्च, मिळालेली मदत, स्वतःची बचत, घरचा वाटा आणि उरलेली तूट लिहा. ‘जमेल तेवढं द्या’ म्हणण्यापेक्षा ‘दरमहा एवढी तूट आहे’ म्हणणे प्रामाणिक असते. समितीलाही त्यावरून निर्णय घेणे सोपे जाते. मागताना मान खाली घालू नका. मंडळीच्या कामासाठी लागणारी साधने तुम्ही मंडळीकडे मागत आहात.

५. कर्ज शेवटी. पाळकाचा पगार मर्यादित असतो. मोठे कर्ज घेऊन दीक्षा घेतलेला तरुण पुढे सेवेची जागा निवडताना हप्त्यांकडे बघतो आणि सर्वाधिक गरज असलेल्या लहान, दूरच्या मंडळ्यांना पाळक मिळत नाही. कर्ज घ्यावेच लागले तर फक्त तुटीपुरते घ्या आणि किती झाले ते दर सत्राला उमेदवारी समितीला सांगा.

६. दर सत्राला कळवा. निकाल, काय शिकलात, कुठे सेवा केलीत, पैसे कसे वापरले हे एका पत्रात लिहा. हे पत्र उपासनेत वाचले जाते तेव्हा देणाऱ्यांचा उत्साह टिकतो.

मंडळीने निधी कसा बांधावा

सुरुवात ठरावाने करा. पाळकांच्या किंवा एखाद्या सधन सभासदाच्या शब्दावर चाललेली मदत त्या व्यक्तीबरोबर थांबते. समितीच्या बैठकीत ठराव करा आणि इतिवृत्तात नोंदवा: कोणाला, किती, किती वर्षे, कोणत्या अटींवर. वार्षिक अंदाजपत्रकात ‘पाळकीय शिक्षण’ असे स्वतंत्र शीर्षक ठेवा. शिल्लक राहिली तर देऊ, असे म्हणणाऱ्या मंडळीत शिल्लक क्वचितच राहते. यंदा उमेदवार नसला तरी शीर्षक काढू नका, निधी साठू द्या. निधी तयार आहे हे दिसले तर मनात पाचारण जपणारा एखादा संकोची मुलगाही पुढे येतो.

उत्पन्नाचे मार्ग तीन-चार असू द्या: सामान्य अर्पणातला ठरावीक टक्का, वर्षातून एकदा खास अर्पण, सभासदांची मासिक वचने आणि स्मृतिप्रीत्यर्थ देणग्या. लूथरन मंडळ्यांना खास अर्पणासाठी ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाजवळचा रविवार शोभून दिसतो. पुष्कळ कुटुंबांना आईवडिलांच्या नावाने काही करायचे असते. त्यांना वेदीवरच्या नव्या पितळी दिव्याबरोबर हाही पर्याय सुचवा.

पैसे वेळेवर द्या, याहून मोठा नियम नाही. सत्र सुरू होण्याआधी रक्कम पोहोचायला हवी. ऑगस्टची फी डिसेंबरात दिली तर मधले चार महिने विद्यार्थी उसनवारीवर काढतो आणि अभ्यासातले लक्ष उडते. फी शक्यतो थेट सेमिनरीच्या खात्यात भरा आणि निर्वाहाची रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला विद्यार्थ्याच्या खात्यात. निर्णय तीन-चार जणांच्या उपसमितीकडे ठेवा. विद्यार्थ्याचा नातलग त्या उपसमितीत असेल तर त्या विषयापुरता त्याने बाहेर बसावे. गरजेची चौकशी बंद दाराआड करा. कोणाच्या घरची गरिबी मंडळीसमोर वाचून दाखवू नये.

अट काय घालावी, हा नाजूक प्रश्न आहे. ‘आमच्या पैशाने शिकलास, मग आमच्याच मंडळीत ये’ असा हट्ट बहुतेक लूथरन व्यवस्थांत चालत नाही, कारण पहिली नेमणूक मोठ्या चर्चच्या हाती असते. ठरावीक वर्षे सेवा केली तर परतफेड माफ, असा करार काही ठिकाणी करतात. तो केलाच तर पहिल्या दिवशी आणि लेखी करा आणि आजारपण, घरातला मृत्यू, चर्चनेच मान्यता नाकारणे अशा प्रसंगी काय होईल तेही त्यात लिहा. माझे मत विचाराल तर अनुदान हे अनुदानच असावे. एखादा मध्येच वाट बदलेल, हे गृहीत धरा. केप्लर पाळक व्हायला शिकत होता आणि १५९४ मध्ये गणिताचा शिक्षक म्हणून ग्राझला गेला. त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. वाट बदलणाऱ्याची पुढची मदत थांबवावी, मागची वसूल करू नये आणि त्याला मंडळीत मान खाली घालायला लावू नये.

अमेरिकेतल्या वाचकांनी करासंबंधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका नेमक्या विद्यार्थ्याच्या नावाने दिलेली रक्कम साधारणपणे करसवलतीस पात्र देणगी धरली जात नाही. मंडळीच्या किंवा सेमिनरीच्या निधीला, वाटपाचा अधिकार त्यांच्याकडे ठेवून दिलेली देणगी धरली जाते. तसेच पदवीसाठी शिकणाऱ्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीतला शिकवणी फी आणि आवश्यक पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, राहण्याजेवण्याचा भाग करपात्र ठरतो. खजिनदाराने हे आधीच विद्यार्थ्याला सांगावे.

भारतातल्या मंडळ्यांसाठी

मराठी वाचकाला जवळची एक लूथरन मंडळी नागपूरच्या उत्तरेला भेटते. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन मध्य प्रदेश या चर्चचे मुख्यालय छिंदवाड्याला आहे. १८७७ मध्ये आलेल्या स्वीडिश मिशनच्या कामातून ते वाढले. शेजारच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते. देशातल्या लूथरन चर्चेसना एकत्र आणणाऱ्या युनायटेड इव्हँजेलिकल लूथरन चर्चेस इन इंडियाचे गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेज चेन्नईच्या किल्पॉकमध्ये आहे. रांचीला गोस्नर थिऑलॉजिकल कॉलेज आहे. यांच्या पदव्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटमार्फत मिळतात.

आपल्याकडे अशा कॉलेजांत चर्चने पुरस्कृत केलेला उमेदवार आणि स्वतंत्र उमेदवार असा फरक केला जातो. पुरस्काराचे पत्र देताना चर्चने फक्त शिफारस केली आहे की खर्चाची हमीही घेतली आहे, हे पत्रातच स्पष्ट हवे. पुष्कळ विद्यार्थ्यांची फरफट या एका संदिग्ध वाक्यामुळे होते. पत्रात रक्कम, वर्षे आणि पैसे पाठवण्याची तारीख लिहून घ्या.

पूर्वी परदेशी मिशनच्या पैशावर बरेच भागत असे. तो मार्ग आता अरुंद आहे. परदेशी देणगी घेण्यासाठी संस्थेची विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते आणि एका संस्थेने घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी किंवा मित्रमंडळीने ‘मंडळीच्या खात्यात टाकतो’ म्हटले तर आधी नोंदणी तपासा आणि सनदी लेखापालाला विचारा. देशातल्या देणगीदारांना ८०जी कलमाखालची सवलत मिळेल असे आश्वासनही तपासल्याशिवाय देऊ नका. एका धर्मसमूहापुरते काम करणाऱ्या न्यासांना ती सहसा लागू होत नाही, आणि जिथे लागू होते तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

म्हणून आधार स्थानिकच हवा. दोनशे कुटुंबांच्या मंडळीत प्रत्येक घराने महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० रुपये जमतात. हे गणित पुढच्या सभेत फळ्यावर मांडा. एकटी मंडळी पुरी पडत नसेल तर शेजारच्या तीन-चार मंडळ्यांनी मिळून एक उमेदवार उचलावा आणि खजिनदार एकच ठेवावा.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या सेमिनरीत प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद मिळण्याआधी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. शिकवणी फी माफ असली तरी निर्वाहाचा पुरावा हवाच. मंडळीने किंवा चर्चने मदत कबूल केली असेल तर लेटरहेडवर रकमेसह पत्र आणि बँकेचे विवरण लागते. सत्र चालू असताना आवारातच आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते, म्हणून ‘तिकडे जाऊन कमवीन’ या भरवशावर निघू नका.

लूथरन वर्ल्ड फेडरेशनची स्थापना १९४७ मध्ये लुंड येथे झाली आणि तिचे कार्यालय जिनिव्हाला आहे. तिच्या शिष्यवृत्त्यांसाठी रस्ता आपल्या सदस्य चर्चमधूनच जातो. थेट परदेशी ईमेल पाठवत बसण्यापेक्षा आपल्या चर्चच्या कार्यालयात जाऊन यंदा नावे कधी पाठवणार हे विचारा. परतल्यावर चर्च आपल्याला कोणते काम देणार, हेही जाण्याआधी लेखी ठरवा. नेमके काम वाट बघत असेल तर माणूस परत येतो.

पुढच्या बैठकीत

समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घाला: पाळकीय शिक्षण निधी. त्या दिवशी तीनच निर्णय घ्या. वर्षाला किती रक्कम राखायची, ती कोण सांभाळणार आणि पहिला हप्ता कोणत्या तारखेला जाणार. रक्कम लहान असली तरी चालेल, पण तारीख पाळा. बाप्तिस्म्याला, लग्नाला, आजारपणात आणि शेवटच्या निरोपाला आपल्याला पाळक हवा असतो. त्या माणसाच्या घडणीची वर्षे काळजीत जाऊ नयेत, हे पाहणे त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.